सिनेमाचं शिक्षण आणि पाच तारखेचा हप्ता

बारावीचा निकाल लागला आणि माझ्या भाचीने घरात जाहीर केलं की तिला फिल्म एडिटिंग शिकायचंय. मी मुंबईत एडिटर आहे, त्यामुळे कोल्हापूरहून फोन येणार हे मला माहीत होतं. ताई फोनवर फारसं बोलली नाही. दाजींनी मात्र थेट विचारलं, "तू या लाईनीत आहेस म्हणून विचारतो. यात पैसा आहे का? बारा लाखांचं कर्ज काढू की नको?"

पैसा आहे, हे मी त्यांना लगेच सांगितलं. माझं घर त्याच कामावर चालतं. पण कर्ज काढायचं की नाही, हे एवढ्यावर ठरत नाही. पैसा किती मिळतो याच्याइतकंच तो कधी मिळतो हे महत्त्वाचं असतं, कारण बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला जातोच. मी स्वतः कर्ज काढून हे शिक्षण घेतलं आणि ते फेडलं. त्या अनुभवातून दाजींना आणि भाचीला जे सांगितलं, तेच इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न आज अनेक घरांत आहे.

मी २०१० मध्ये बी.कॉम. झाले. सिनेमाचं वेड घरातलंच. कोल्हापूरला त्याचं नवल नाही. सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांचं गाव हे, 'प्रभात' फिल्म कंपनी १९२९ मध्ये सुरू झाली ती इथेच आणि मग १९३३ मध्ये पुण्याला गेली. आमच्या बाबांची शाळेतली मास्तरकी, पण रविवारी ते आम्हाला सिनेमाला न्यायचे आणि परत येताना कुठला प्रसंग लांबला यावर बोलायचे. मी एडिटिंग शिकते म्हटल्यावर त्यांनी नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

मुंबईतल्या एका खासगी संस्थेत दोन वर्षांच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला. फी वर्षाला चार लाख. आठ लाखांचं शैक्षणिक कर्ज घ्यायचं ठरलं. चार लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही, त्यापुढे साडेसात लाखांपर्यंत जामीनदार लागतो आणि साडेसात लाखांच्या वर गेलं की मालमत्ता तारण ठेवावी लागते, हे तेव्हा कळलं. आमचं कर्ज त्या रेषेच्या पन्नास हजारांनी वर होतं. मग बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांचा सर्च रिपोर्ट झाला, व्हॅल्युअर येऊन घराच्या खोल्या मोजून गेला. बाबांनी कपाटातून घराचं मूळ खरेदीखत काढलं, त्याची पानं एकदा मोजली आणि बँकेच्या अधिकाऱ्याच्या हातात दिलं. त्याबदल्यात कागदपत्रांची यादी असलेली एक पावती मिळाली. ती पावती पुढे तेरा वर्षं त्यांच्या त्याच कपाटात होती.

कोर्स चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. घरातल्या सगळ्यांना त्या सवलतीचं बरं वाटलं. पण त्या काळातही व्याज मोजलं जातच असतं. बारा टक्क्यांनी तीन वर्षांत दोन लाख चाळीस हजार रुपये व्याज जमलं, आणि पहिला हप्ता सुरू झाला तेव्हा कर्ज आठ लाखांचं राहिलं नव्हतं, दहा लाख चाळीस हजारांचं झालं होतं. दहा वर्षांच्या मुदतीने महिन्याचा हप्ता साधारण १४,९०० रुपये. हप्त्याची तारीख पाच.

तेव्हा मी अंधेरीत एका मालिकेवर असिस्टंट एडिटर होते. पगार १८,०००. चौघींत मिळून घेतलेल्या खोलीचं भाडं, लोकलचा पास आणि डबा एवढ्यातच अर्ध्याहून जास्त पैसे जायचे. पहिली दोन वर्षं हप्त्याचा मोठा भाग बाबांच्या पगारातून गेला. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेला माणूस मुलीच्या शिक्षणाचे हप्ते भरत होता आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नव्हता. मला मात्र प्रत्येक पाच तारखेला त्याची जाणीव असायची.

त्याच सुमारास एका ज्येष्ठ एडिटरनी मला त्यांच्या माहितीपटावर असिस्टंट म्हणून बोलावलं. काम सात-आठ महिन्यांचं, मानधन महिन्याला आठ हजार. आमच्या क्षेत्रात अशा माणसाच्या शेजारी बसून काम करणं ही शिक्षणाचीच पुढची पायरी असते. शंभर तासांच्या फुटेजमधून दीड तासाची गोष्ट कशी निघते, ते वर्गात कळत नाही, तिथे बसून कळतं. मला जायचं होतं. पण आठ हजारांत १४,९०० चा हप्ता बसत नाही, म्हणून मी नाही म्हटलं आणि मालिकेवर राहिले. मालिकेनेही मला खूप शिकवलं. रोज रात्री बावीस मिनिटांचा एपिसोड बांधताना हाताला जो वेग येतो आणि प्रेक्षकाचं लक्ष कुठे सुटतं याची जी समज येते, ती आजही माझ्या कामाला येते. पण कर्जाचा सगळ्यात मोठा परिणाम कुठे होतो, ते मला तेव्हा कळलं. पहिल्या चार-पाच वर्षांत कोणतं काम घ्यायचं आणि कोणतं नाही, हे कर्ज ठरवतं. नेमकी हीच वर्षं कमी पैशात चांगल्या माणसांकडे शिकण्याची असतात.

पुढे मी फ्रीलान्स काम घेऊ लागले. दर वाढले, पण पैसे हातात यायला वेळ लागू लागला. मालिकांच्या व्यवसायात नव्वद दिवसांनी पेमेंट देण्याची पद्धत जुनी आहे. जूनभर काम केलं, महिनाअखेरीला बिल दिलं, तर पैसे सप्टेंबरच्या शेवटी. त्यातून दहा टक्के टीडीएस कापलेला. तो रिटर्न भरल्यावर परत मिळतो, पण पुढच्या वर्षी. दरम्यान जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे तीन हप्ते गेलेले असतात. खात्यात पैसे नसतील तर हप्ता बाऊन्स होतो, दंड लागतो आणि सिबिलच्या पत-नोंदीवर डाग बसतो. एक मालिका अचानक बंद पडली तेव्हा माझं शेवटच्या दोन महिन्यांचं बिल आलंच नाही. फोन केले, ऑफिसात जाऊन बसले. शेवटी तो नाद सोडला, कारण नवीन काम घेणं गरजेचं होतं.

दाजींची आजऱ्याकडे थोडी कोरडवाहू शेती आहे. त्यांना मी एवढंच सांगितलं की आमची कमाई त्या शेतीसारखी असते, वर्षाचा हिशोब चांगला दिसला तरी प्रत्येक महिन्याला हातात पैसा असेल असं नाही. बाकी काही समजावून सांगावं लागलं नाही.

मग २०२० आलं. मार्चच्या मध्यावर सगळी शूटिंग थांबली. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्टचे हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली आणि मी ती घेतली. पण थांबलेल्या हप्त्यांवर व्याज चालूच होतं, त्यामुळे माझी मुदत लांबली. जुलैच्या सुमारास शूटिंग पुन्हा सुरू झालं. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पुन्हा निर्बंध आले तेव्हा बऱ्याच मराठी मालिका गोव्याला, सिल्व्हासाला गेल्या, आणि मे महिन्यात गोवा सरकारने परवानगी काढून घेतल्यावर पुन्हा धावपळ झाली. आम्ही एडिटर घरात बसून आलेल्या फुटेजवर काम करत होतो. काम होतं म्हणून आम्ही तरलो. सेटवर रोजंदारीने काम करणाऱ्या लाइटमनचे आणि स्पॉटदादांचे त्या काळात जे हाल झाले, ते जवळून पाहिले आहेत. माझं कर्ज २०२४ च्या सुरुवातीला फिटलं. बँकेने खरेदीखत परत दिलं.

हे सगळं भाचीला आधीपासून तुकड्यातुकड्यांत माहीत होतं. पण तिच्यासमोर आकडे कुणी मांडले नव्हते. म्हणून मी कोल्हापूरला गेले तेव्हा आम्ही चौघं कागद-पेन घेऊन बसलो. तिने निवडलेल्या संस्थेचा कोर्स तीन वर्षांचा, फी वर्षाला चार लाख. व्याजदर दहा टक्के धरला. आकडेमोड तिलाच करायला सांगितली.

तिने पहिल्या वर्षीच्या चार लाखांवर चार वर्षांचं व्याज काढलं, एक लाख साठ हजार. दुसऱ्या वर्षीच्या चार लाखांवर तीन वर्षांचं, एक लाख वीस हजार. तिसऱ्यावर दोन वर्षांचं, ऐंशी हजार. बेरीज तीन लाख साठ हजार. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी डोक्यावर पंधरा लाख साठ हजार. मोबाइलवर तिने ईएमआय काढला. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला २०,६०० च्या आसपास, एकूण पावणेपंचवीस लाखांच्या जवळ. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता १६,७०० च्या थोडा वर येतो, पण एकूण परतफेड तीस लाखांच्या पुढे जाते. मुंबईत राहण्याखाण्याचा तीन वर्षांचा खर्च यात धरलेलाच नव्हता. तो दाजी साखर कारखान्यातल्या पगारातून करणार होते.

तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, पण पायल कपाडियांनी २०२४ मध्ये कानला ग्रां प्री मिळवलं. रसूल पूकुट्टींना ऑस्कर मिळालं. ते पण शिकूनच आले ना?"

शिकूनच आले, आणि त्याचा मला अभिमान वाटतो. पण ती दोघं पुण्याच्या एफटीआयआयची. ती सरकारी संस्था. १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्याच जागेत सुरू झाली, आणि तिथली फी खासगी संस्थांच्या तुलनेत खूप कमी आहे. चांगलं शिक्षण आणि महाग शिक्षण या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिच्यापर्यंत पोचवायचं होतं. चैतन्य ताम्हाणे कुठल्याही फिल्म स्कूलमध्ये गेले नाहीत आणि 'कोर्ट' केला. नागराज मंजुळे अहमदनगरच्या कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीज शिकले, तिथे केलेल्या 'पिस्तुल्या'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उमेश कुलकर्णींची 'गिरणी' एफटीआयआयमधली. तिघांचे रस्ते वेगळे. त्यांच्यापैकी एकाची गोष्ट समोर ठेवून अठरा वर्षांच्या मुलीच्या नावावर पंधरा लाख लिहू नयेत.

मी तिला माझ्या बॅचबद्दलही सांगितलं. आमच्यातले थोडे सिनेमात आहेत, बरेच जण मालिका आणि जाहिरातींत. काही जण लग्नाच्या फिल्म बनवतात आणि उत्तम कमावतात. काहींनी यूट्यूब चॅनेलची कामं धरली आहेत. दोघी-तिघींनी हप्त्यांसाठी सुरुवातीलाच वेगळी नोकरी धरली आणि त्या परत आल्या नाहीत. त्या हुशार होत्या. त्यांच्यातल्या एकीचा डिप्लोमाचा रफ कट मला अजून आठवतो. दोन माणसं जेवताहेत, एवढाच प्रसंग होता, आणि तिने फक्त कट कुठे द्यायचा यावरून त्यांच्यातला अबोला दाखवला होता. त्या मुलीने पुढे एडिटिंग केलं असतं तर मराठी सिनेमाला एक चांगली एडिटर मिळाली असती.

संस्थेत मिळतं ते खरंच मोलाचं असतं, हेही सांगितलं पाहिजे. तिथे मी एका आठवड्यात जेवढा सिनेमा पाहिला तेवढा आधी वर्षात पाहिला नव्हता. माझ्या कटवर वर्गासमोर टीका झाली आणि तो पुन्हा बांधावा लागला, त्यातून डोळा तयार झाला. आज येणारं माझं बरंचसं काम बॅचमेटच्या फोनवरून येतं, "तू फ्री आहेस का?" एवढंच विचारणारा फोन. या गोष्टींसाठी पैसे देणं मला पटतं. पण माहितीपुस्तिकेत सॉफ्टवेअर आणि मशीनचे फोटो मोठे असतात आणि पालक त्यालाच भुलतात. आम्हाला फायनल कट प्रो ७ शिकवलं. २०११ मध्ये, आम्ही शिकत असतानाच, अ‍ॅपलने ते बंद करून वेगळंच नवं आणलं, आणि बऱ्याच एडिट रूम प्रीमियरकडे वळल्या. मी ते कामावर जाऊन शिकले. आज डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती घरच्या संगणकावर चालते. सॉफ्टवेअर शिकण्यासाठी आता कुणी लाखो रुपये मोजायची गरज नाही.

मग पर्याय मांडले. एफटीआयआयच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना पदवी लागते, म्हणजे ती लगेच अर्ज करूच शकत नव्हती. कोलकात्यात सत्यजित राय यांच्या नावाची केंद्र सरकारची संस्था आहे, १९९५ पासूनची. दिल्लीत जामिया मिलियाचं मास कम्युनिकेशन केंद्र आहे. तिन्ही ठिकाणी प्रवेश परीक्षा आणि जागा मोजक्या. त्यासाठी तीन वर्षं कोल्हापुरात पदवी करायची, एफटीआयआयचे अल्पमुदतीचे कोर्स करायचे, सुट्टीत कुठल्या तरी एडिट रूममध्ये उमेदवारी करायची.

"तीन वर्षं वाया जातील माझी," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. अठराव्या वर्षी तीन वर्षं किती लांब वाटतात, हे मला माहीत आहे. मी तिला विचारलं, बाविसाव्या वर्षी कुणी तुला आठ हजारांवर एखाद्या मोठ्या एडिटरकडे बोलावलं तर तुला हो म्हणता यावं असं वाटतं की नाही? ती बराच वेळ आकड्यांच्या कागदाकडे पाहत राहिली.

त्या बैठकीत आम्ही काही गोष्टी ठरवल्या. कर्ज घ्यायची वेळ आलीच तर ते साडेसात लाखांच्या आतच, म्हणजे ताई-दाजींचं घर बँकेकडे जाणार नाही. उदाहरणादाखल सहा लाखांचा हिशोब केला. शिकत असतानाच दाजी व्याज भरत गेले तर मुद्दल वाढत नाही, आणि दहा टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता आठ हजारांच्या आत राहतो. एवढा हप्ता असिस्टंटच्या पगारातही निघतो. कामाला लागली की सगळ्यात आधी तीन हप्त्यांएवढी रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला ठेवायची, कारण पेमेंट नव्वद दिवसांनी येतं. जुन्या करप्रणालीत राहिलं तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, ती घ्यायची. आणि कुठल्याही संस्थेत जायच्या आधी तिथल्या शेवटच्या तीन बॅचमधल्या मुलांना भेटायचं. संस्था भिंतीवर लावते ते नामवंतांचे फोटो नकोत. मधल्या मुलांना विचारायचं की पहिलं काम किती महिन्यांनी मिळालं, पहिल्या वर्षी हातात किती आलं, एडिट मशीन आठवड्याला किती तास मिळायचं.

भाचीने कोल्हापुरात पदवीला प्रवेश घेतला. दाजींनी बारा लाखांऐवजी एका चांगल्या संगणकावर खर्च केला. तिने गल्लीतल्या तालमीवर एक छोटा माहितीपट केला आहे. शूटिंग साधं आहे, आवाज ठिकठिकाणी फाटतो, पण कट कुठे द्यायचा हे तिला कळतं. पुढे तिची एफटीआयआयला निवड झाली तर आनंद आहे. नाही झाली तर सहा लाखांच्या हिशोबात बसणारी संस्था आम्ही शोधू. सिनेमा सोडायचा, असा पर्याय त्या कागदावर आम्ही लिहिलाच नव्हता.

यातलं काही ओझं विद्यार्थ्यांनी उचलायचं नाहीये, हेही मला तितक्याच ठामपणे म्हणायचंय. केंद्राची शैक्षणिक कर्जासाठीची पीएम विद्यालक्ष्मी योजना २०२४ मध्ये मंजूर झाली, पण ती निवडक दर्जाच्या संस्थांपुरती आहे. ज्या खासगी संस्था चार-चार लाख फी घेतात, त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांची पहिल्या तीन वर्षांची कमाई प्रवेशाच्या वेळीच पालकांसमोर ठेवली पाहिजे. निर्मात्यांनी नव्वद दिवसांची पद्धत मोडून तीस दिवसांत पैसे दिले पाहिजेत. नव्या मुलांना त्याचा जेवढा आधार होईल तेवढा कुठल्याही शिष्यवृत्तीचा होणार नाही. आणि सरकारी संस्थांमधल्या जागा वाढल्या पाहिजेत, महाराष्ट्रातच वाढल्या पाहिजेत. ज्यांच्या घरी पैसा आहे ती मुलं कर्जाशिवाय शिकतील आणि कमी पैशातल्या चांगल्या कामांना हो म्हणत राहतील. आजऱ्याच्या, बार्शीच्या, गडचिरोलीच्या मुलांनाही तसं हो म्हणता आलं पाहिजे. त्यांच्या गावांच्या गोष्टी त्यांच्याइतक्या नीट दुसरं कुणी सांगू शकणार नाही.